राहिलेलं नाव

बदलीच्या अर्जात गावाच्या नावाची जागा तेवढी कोरी होती, आणि अर्ज आजच द्यायचा होता. जिथली शाळा चांगली तेच गाव मागायचं, हे प्रमिला सिस्टरनी मनाशी पक्कं केलं होतं. दोन गावांतल्या शाळा पाहून झाल्या. निकाल उत्तम, प्रयोगशाळा चकाचक. पण केतकीनं आईची ओढणी काही सोडली नाही. चार वर्षांत तिसरी शाळा म्हटल्यावर पोरीनं परक्यांशी बोलणंच टाकलं होतं.

या तिसऱ्या गावात वर्ग सावरीच्या झाडाखाली भरला होता. कापसाच्या म्हाताऱ्या तरंगत तरंगत मुलांच्या केसांवर उतरत होत्या. बाई हजेरी घेत होत्या, तीही अंगाईसारखी संथ. ऐकता ऐकता सिस्टरांचे डोळे जड झाले. निकालाचं विचारायचं राहूनच गेलं.

शेवटी बाईंनी सवयीनं विचारलं, "राहिलं का रे कुणाचं नाव?"

ओढणी सैल झाली.

"माझं राहिलं," केतकी म्हणाली.

बाईंना त्याचं काही नवल वाटलं नाही. "सांग," म्हणत त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

सिस्टरनी पर्समधून अर्ज काढला. "बाई, तुमचं लिहून झालं की ते पेन जरा मला द्याल?"