बिडावरचा पंजा

विजयादशमीच्या सकाळी प्रभाकरनने लाकूड गिरणीचं कुलूप काढलं आणि रंधा मशीनपाशी थबकला. बिडाच्या टेबलावर पुन्हा गंज आला होता. पंजाच्या आकाराचा. डावा, अंगठा नसलेला.

अष्टमीला त्यानेच टेबल रॉकेलने घासून लख्ख केलं होतं, वर खोबरेल तेल चोळून चंदन लावलं होतं. पूजेला मांडलेल्या हत्याराला दशमीपर्यंत कुणी शिवत नाही. तेलाचा थर अजून तसाच चमकत होता. गंज तेलाखाली होता.

"घास," मागून मालक, सहदेवन मुदलाळी, म्हणाला.

"कितीदा घासू, मुदलाळी? पॉलिश पेपर संपला."

"मग नखांनी घास. तंकम्मा भरपाई मागायला युनियनवाल्याला घेऊन येतेय. फुकट खायची सवय लागली या लोकांना."

तंकम्माचा नवरा वेलप्पन याच टेबलावर मेला. मशीनमध्ये वीज उतरते हे वेलप्पनने सांगितलं होतं, प्रभाकरनने सांगितलं होतं. मुदलाळीने वायर बदलली नाही. वेलप्पनचा अंगठा नसलेला डावा हात बिडाला चिकटला, तो प्रभाकरनने फळी मारून सोडवला. तोवर उशीर झाला होता. मुदलाळीने प्रेत फाटकापाशी नेऊन टाकायला लावलं आणि सगळ्यांना सांगितलं, छातीत कळ येऊन पडला. वर हेही सांगितलं, की त्याचा घाम खारट, लोखंडाला शिवला की गंज चढायचा, म्हणून मी त्याला मशीनजवळ फिरकूच देत नव्हतो.

प्रभाकरनने तेव्हा मान डोलावली होती.

बाहेर चपला वाजल्या. मुदलाळीने झटकन आपला पंजा त्या पंजावर ठेवला आणि टेबलाला रेलून उभा राहिला.

"या, कॉम्रेड. बघून घ्या. एवढं स्वच्छ मशीन अख्ख्या कल्लाईत नाही."

युनियनचा सेक्रेटरी टेबलाभोवती फिरला. तंकम्मा फिरली नाही. ती मुदलाळीच्या हाताकडे बघत होती.

"मुदलाळी, हात उचला."

"उचलतो की."

हात हलला नाही. मुदलाळी हसला. मग हसू गेलं. खांद्यापासून ताण दिसत होता, कपाळावर घाम आला होता.

"प्रभाकरा, मेन स्विच बंद कर."

"मुदलाळी, पूजेपासून बंदच आहे."

कोपऱ्यात ती फळी अजून भिंतीला टेकून उभी होती. मुदलाळीने तिच्याकडे पाहिलं, मग प्रभाकरनकडे.

प्रभाकरनने हातातला तेलाचा बोळा खाली ठेवला आणि हात पाठीमागे बांधले.