खासदाराची बॅग

"कोणाची ही बॅग?" मार्लिसनं मोठ्यानं विचारलं.

कोणाची ते तिला चांगलं ठाऊक होतं. महिनाभर टीव्हीवरून ज्याचं तोंड हटत नव्हतं, त्या खासदार हॉगनची होती. तो समोरच उभा होता, घड्याळ बघत. बाकीचे प्रवासी केव्हाच विमानात जाऊन बसले होते.

"माझी आहे," तो म्हणाला. "जरा पटकन बघाल का, मॅडम? विमान सुटेल."

"बघते ना. त्यासाठीच तर फुकट राबतेय."

फुकटच की! वॉशिंग्टनमध्ये दोन पक्षांचं खर्चाच्या कायद्यावरून जुंपलं आणि सरकारला कुलूप लागलं. उद्यानं बंद, कचेऱ्या बंद. पण विमानतळावर सामान तपासणाऱ्यांनी मात्र कामावर यायचंच. पगार मागाहून. म्हणजे कधी, ते देवाला ठाऊक. मार्लिसच्या घरामागची, घर गरम ठेवायच्या गॅसची टाकी तळाला गेली होती, आणि डाकोटातली थंडी काही कोणाच्या पगारासाठी थांबत नाही. ती आणि तिची लेक एकाच खोलीत, कोट अंगावर चढवून झोपत होत्या. काल लेक म्हणाली, "आई, ओमाहाला मावशीकडेच जाऊ या का राहायला?" राहतं घर सोडायचं? या मेल्यांच्या भांडणापायी?

आज संध्याकाळी मतदान होतं. सरकार उघडायचं की नाही. अगदी काठावरचा मामला, एकेका मतासाठी ओढाताण चाललेली. मत द्यायचं तर सभागृहात जातीनं हजर राहावं लागतं. हॉगन पहिल्या दिवसापासून 'नाही'वाला. आणि मतदानाआधी वॉशिंग्टन गाठायचं तर हेच एक विमान होतं.

हे सगळं मार्लिसच्या डोक्यात आत्ता आलं, त्याची बॅग हातात असताना. तिनं बॅग टेबलावर आपल्याकडे ओढली.

दोरीपलीकडे त्याला निरोप द्यायला त्याची माणसं जमली होती. त्यांतला नारिंगी टोपीवाला ओरडला, "साहेब, माघार घ्यायची नाही हं! आम्ही आहोत पाठीशी!"

टाळ्या पडल्या. फोन वर झाले, चित्रण सुरू झालं.

"घेतोय कसली!" हॉगननं हात उंचावला आणि त्याच हातानं कपाळावरचा घाम पुसला.

मार्लिसचं डोकंच फिरलं. त्या टोपीवाल्याचा स्वतःचा जावई बिनपगारी कामावर जात होता. सगळ्या गावाला माहीत होतं. तरी टाळ्या! तिनं बॅगेची चेन ओढली. वरच जेलीची बरणी निघाली.

"ही विमानात नेता येत नाही, साहेब."

"चर्चमधल्या बायकांनी दिलीय. टाकून द्या."

"अशी कशी टाकू? घरची दिसतेय. बाहेर जाऊन मोठ्या सामानात देता का?"

"नको हो! टाका म्हणतोय ना!"

"बरं. मग आता सगळीच बॅग बघावी लागेल."

तिनं एकेक सदरा बाहेर काढला. झटकला. बाजूला ठेवला. दाढीचं सामान उघडलं, टूथपेस्ट उजेडात धरून बघितली. मग स्फोटकं तपासायची कापडी पट्टी बॅगेच्या कडेकडेनं फिरवून यंत्रात घातली आणि यंत्राकडे बघत उभी राहिली.

"उशीर होतोय, मॅडम!"

"माणसं कमी आहेत, साहेब. निम्मी आजारी पडलीत. पगार नसला की होतो तो आजार."

ध्वनिक्षेपकावरून हॉगनचं नाव पुकारलं गेलं. शेवटची सूचना. तो टेबलावरून पुढे वाकला आणि अगदी हळू म्हणाला, "मॅडम, ऐका माझं. मला जाऊ द्या. त्यात तुमचंच भलं आहे."

"माझं भलं?" मार्लिस भडकली. "काय सांगायचंय ते मोठ्यानं सांगा की! ऐकू दे सगळ्यांना!"

हॉगननं तोंड उघडलं. मागे वळून बघितलं. फोन अजून वरच होते. टोपीवाला अंगठा दाखवत हसत होता. हॉगननं तोंड मिटलं.

"काही नाही," तो म्हणाला.

"मग थांबा."

तिनं सदरे परत घड्या घालून ठेवले. कडेला कड लावून, शांतपणे. काचेपलीकडे विमान हललं, वळलं आणि धावपट्टीकडे निघालं.

"झालं, साहेब. घ्या तुमची बॅग."

"मुद्दाम केलंस तू हे!" टोपीवाला किंचाळला. "साहेबांचं मत बुडवलंस!"

"असू दे, असू दे. नियम आहे त्यांचा," हॉगननं त्याला हातानंच गप्प केलं. ती मंडळी चरफडत, शिव्या देत बाहेर पडली. हॉगन तिथेच उभा राहिला, अंगातली हवा गेल्यासारखा.

"एकच मत कमी पडत होतं," तो पुटपुटला. "मी 'हो' म्हणायला चाललो होतो."

मार्लिसला आधी कळलंच नाही. मग कळलं. तिनं टेबलाची कड घट्ट धरली.

"अहो, मग मघाशी बोलला का नाहीत?"

"त्यांच्यासमोर?" तो म्हणाला. त्यानं बॅग उचलली आणि चालायला लागला.

समोरच्या कॉफीच्या टपरीवाल्या डार्लीननं लांबून एवढंच बघितलं होतं, की विमान गेलं आणि हॉगन राहिला. प्रवासी आटल्यापासून तिचाही धंदा बसला होता. ती वाफाळता पेला घेऊन धावतच आली आणि तिनं मार्लिसला मिठीच मारली.

"घे गं, माझ्याकडून! काय बाई आहेस तू! आज तिथे आम्हा सगळ्यांचं मत तूच दिलंस!"