सहा जोड्या

लॅपटॉपच्या पडद्यावर तलाव उजाडत होता. आधी नुसतं धुकं, मग धुक्यात पाण्याची एक रेघ, मग त्या रेघेवर सारसांची जोडी. उंच, राखाडी. घाई म्हणजे काय हे ठाऊकच नसल्यासारखी ती धानाच्या बांधीतून चालत गेली आणि पडद्याच्या कडेला विरून गेली.

भूमेश्वरीनं हा अकरा मिनिटांचा सरकारी माहितीपट दोनशे वेळा तरी पाहिला असेल. १९७२ सालचा, कृष्णधवल. कधी कधी झोपेतही ती त्याच बांधावरून चाले आणि जोड्या मोजे. सहावी मोजली की जाग येई. माहितीपटातला भारदस्त आवाजही तेच सांगे: या तलावावर सारसांच्या सहा जोड्या नांदतात. तिनं त्याच्या शब्दावर विसंबून न राहता स्वतः मोजल्या होत्या. सहा दृश्यं, सहा जोड्या. सारसाची जोडी आपल्या हद्दीत दुसरीला फिरकू देत नाही. तेव्हा त्या वेगवेगळ्या दिसाव्यात हे शास्त्राला धरूनच होतं.

आता, चाळीस वर्षांनी, त्या तलावावर एकच जोडी होती. तिचा चार वर्षांचा प्रबंध या घसरणीवर उभा होता आणि दहा दिवसांत तो विद्यापीठात द्यायचा होता.

"संदर्भ म्हणून सिनेमा चालेल," तिचे मार्गदर्शक हेमेंद्र सर म्हणाले होते. "दिग्दर्शक, साल, मिनिट, सेकंद, सगळं लिही. पण हा तलाव हिवरटोल्याचाच, हे कोण सांगणार? परीक्षक पहिलं तेच विचारतील."

म्हणून ती गोंदियाहून सकाळच्या बसनं हिवरटोल्याला आली होती आणि धुरपताबाईंच्या छपरीत बसली होती. साठीच्या धुरपताबाई पडद्याला नाक लावून पाहत होत्या. त्यांची सून रविता सूप खाली ठेवून मागे येऊन उभी राहिली होती.

"आमचाच तलाव हाय," धुरपताबाई म्हणाल्या. "पाळीवरचा तो पिंपळ आताही तसाच हाय. अन् हे डोक्यावर रोवाले धानाचे पऱ्हे घेऊन चालून राहिली ना, हे मी."

"आत्या! तुमी तं हिरोईन निघाल्या," रविता हसली. "आमाले कधी सांगतलं नाही!"

भूमेश्वरीच्या छातीवरचं ओझं उतरलं. साक्षीदार मिळाली होती. तिनं वहीत टिपलं: मिनिट दुसरं, सेकंद चौदावं.

पुढचं दृश्य आलं. दुसरी जोडी. मागून जाणाऱ्या बाईच्या लुगड्याला रुंद काठ.

"हे बी मीच."

तिसरं दृश्य.

"हे बी मीच. हे लुगडं माह्या सासूचं."

भूमेश्वरीनं चित्र थांबवलं. "मावशी, या तर निरनिराळ्या बाया आहेत ना?"

"कायच्या बाया! ऐन रोवणीत कोण येते? मी एकटीच गवसली त्यायले. तो सिनेमावाला साहेब म्हणे, लुगडं बदलवून ये अन् पुन्हा चाल. एका सकाळी सहा डाव चालवलं मले. पाय चिखलात फसून राहिले, अन् हा म्हणते, हसत चाल!"

रविता खुदखुदली. भूमेश्वरी हसली नाही.

"आणि सारस?" तिनं हळूच विचारलं.

"लुगडं बदलवता येते, पोरी. पाखरं कुठून बदलवतीन? तेच दोन. तलावावर तवा बी एकच जोडी होती. मी चालली का ते बी पुढं सरकत."

भूमेश्वरीनं माहितीपट पुन्हा पहिल्यापासून लावला. दोनशे वेळा तिनं पक्षी पाहिले होते, त्यांच्या माना, पावलं, एकमेकांतलं अंतर. मागची बाई तिनं एकदाही पाहिली नव्हती. आता ती फक्त बाईकडे पाहत राहिली. तेच नाक. डाव्या पायावर तोच किंचित भार. धुक्यातून ती पोरगी सहा वेळा आली, सहा वेळा हसली, आणि तिच्यापुढे दोन सारस सहा वेळा पाण्यातून चालत गेले. पडद्यावर एकाच वेळी दोनांहून अधिक पक्षी कधीच नव्हते.

म्हणजे विद्यापीठाची तारीख हुकणार. तीन प्रकरणं नव्यानं लिहावी लागणार. हेमेंद्र सर डोक्याला हात लावणार.

पण तिला विचित्र हलकं वाटत होतं. तिनं प्रबंध उघडला. माहितीपटाच्या नोंदीत दिग्दर्शकाच्या नावापुढे धुरपताबाईंचं नाव घातलं. मग निष्कर्षाचं पान काढून त्यातलं पहिलं वाक्य खोडलं आणि त्या जागी लिहिलं:

हिवरटोला तलावावरचा एकही सारस चाळीस वर्षांत कमी झालेला नाही.