आतल्या खोलीतून

"डाव तळाला घासतोय. आच कमी करा," आतल्या खोलीतून आवाज आला.

त्यांनी आच कमी केली. भोपळ्याचं सूप एकदा रटरटलं आणि शांत झालं. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस बायकोचा एप्रन बांधून ओट्याशी उभा होता, आणि खुब्याचं हाड मोडलेली बायको आत पलंगावर पडून कानांनी स्वयंपाक करत होती.

"मिरपूड घातलीत?"

"घातली. अर्धा चमचा."

"मोजताय कशाला? अंदाजे घालायची."

"अंदाजे म्हणजे किती?"

"अंदाजे म्हणजे अंदाजे! घड्याळ नाही ते, सूप आहे."

त्यांनी वाटीत थोडं सूप घेतलं, आत नेलं आणि फुंकर घालून चमचा तिच्या तोंडाशी धरला. तिनं डोळे मिटले.

"मीठ बरोबर आहे. दूध घाला थोडं. आणि ओव्हनमधल्या बिस्किटांच्या आल्याचा वास बदलला बघा. पळा!"

ते पळाले, म्हणजे गुडघ्यांनी परवानगी दिली तेवढे पळाले. बिस्किटांच्या कडा नुकत्या कुठे तांबूस व्हायला लागल्या होत्या.

थंडीच्या सुट्टीला मुलं येणार होती. लेकीनं फोनवर आडपडदा ठेवला नव्हता. "तुम्हाला दोघांना झेपत नसेल तर आई माझ्याकडे, बाबा तुम्ही दादाकडे. दोघांना एकत्र ठेवायला आमच्यापैकी कुणाच्याच घरात जागा नाही. आलो की बघू कसं चाललंय ते."

काय बघणार, हे दोघांनाही कळलं होतं. म्हणून महिनाभर ही शिकवणी चालली होती. पहिल्या आठवड्यात त्यांनी दोन पातेली करपवली. तिसरं इतकं जळलं की घासायच्या भानगडीत न पडता त्यांनी ते गुपचूप कचऱ्यात टाकलं. वासावरून तिला सगळं समजलं होतं. दुसऱ्या दिवशी फक्त एवढंच म्हणाली, "आज जरा ओट्यापाशीच थांबा."

पाचच्या सुमाराला सगळे आले. टोप्या, मोजे, पिशव्या यांनी घर भरलं. आतलं दार सताड उघडं ठेवून मंडळी टेबलाशी बसली, म्हणजे आईलाही गप्पांत राहता येईल.

मुलानं पहिला चमचा तोंडात घातला आणि थांबला. "आई, ही तर तुझ्याच हातची चव!"

"ह्यांनी केलंय," आतून उत्तर आलं. आवाजातला तोरा लपत नव्हता.

"बाबा? तुम्ही?" सून म्हणाली. "बिस्किटंसुद्धा?"

त्यांनी मान हलवली. कान लाल झाले होते. नातीनं चौथं बिस्कीट उचललं. लेक पाणी घ्यायला म्हणून उठली, फ्रिज उघडून पाहिला, जाता जाता कचऱ्याच्या डब्यातही डोकावली. हॉटेलचं एकही पाकीट नव्हतं. ती परत येऊन बसली आणि मुकाट्यानं दुसऱ्यांदा सूप वाढून घेतलं.

त्यांनी दारातून आत पाहिलं. बायको छताकडे बघून हसत होती.

"सुटले बाई मी!" सून म्हणाली. "आमच्या स्वयंपाकाच्या बाईंनी काम सोडलंय. ह्यांना कधीपासून म्हणतेय, बाबांना घेऊन येऊ. तर हे म्हणायचे, बाबा दिवसभर करणार काय? कंटाळतील."

"आता तो प्रश्नच मिटला," मुलगा म्हणाला.

"पण आम्ही इथं व्यवस्थित..." त्यांनी सुरुवात केली.

"तेच तर म्हणतोय ना, बाबा. तुम्ही फारच व्यवस्थित करता."

"आणि आईला उचलायला बसवायला माणूस लागतं," लेक हळूच म्हणाली. "आत्ता सूप वाढताना तुम्ही दोनदा ओट्याला धरून उभे राहिलात. मी पाहिलं."

मग आतून मोठ्यानं आवाज आला.

"अगं, त्यांना काही येत नाही! आच कधी कमी करायची तेसुद्धा मी इथून ओरडून सांगते. मी नसले तर पाणी करपवतील ते."

"खरंय," ते घाईनं म्हणाले. उभ्या आयुष्यात तिचं म्हणणं त्यांनी इतक्या पटकन कबूल केलं नव्हतं. "मला काही येत नाही. तिनं सांगितल्याशिवाय मी मीठसुद्धा घालत नाही. अजिबात येत नाही मला."

सगळे हसले. नातही हसली.

लेक मात्र विचार करत होती. तिचा चेहरा हळूहळू उजळला. "एवढंच ना? मग सोपं आहे की. आई माझ्याकडून व्हिडिओवर सांगेल, बाबा दादाकडे करतील. रोज दोन वेळा बोलणंही होईल तुमचं."

"काय डोकं आहे!" मुलगा म्हणाला.

"व्हिडिओवर वास येत नाही," ते म्हणाले.

"काय म्हणालात, बाबा?"

"काही नाही."

सुनेनं उठून त्यांच्या हातातला रिकामा वाडगा घेतला आणि प्रेमानं त्यांच्या खांद्यावर थोपटलं.

"आमच्या ओट्यावर फोन टेकवायला जागा आहे," ती म्हणाली. "आई अगदी तुमच्या समोर दिसतील."