मोनाची दृष्ट

"पोरीला हात लावू नगा, बाई. काय बघायचं ते लांबनंच बघा."

तानाबाईचा आवाज असा तापलेला होता की आक्काताई उंबऱ्यातच थबकली. खांद्याच्या पिशवीत वजनकाटा, हातात सुकडीची पुडी. मोना जन्मल्यापासून अंगणवाडीची ही बाई दर महिन्याला या घरी यायची, चहा घेतल्याशिवाय कधी सुटायची नाही. आज चहाचं नाव नव्हतं.

मोना सोप्यात वाकळेवर पडली होती. दोन्ही गालांवर काळपट चट्टे, एका गालावरचा फोड नुकताच फुटलेला. मागच्या महिन्यातही असंच झालं होतं, त्याच्या मागच्या महिन्यातही. आक्काताईनं आजारी लेकरांना बिब्ब्याचे डाग देणारी घरं पाहिली होती. चारच दिवसांपूर्वी ती लसीची आठवण करायला डोकावली होती, तेव्हा मोनाचे गाल साफ होते. आज ती सोक्षमोक्ष लावायचाच म्हणून आली होती.

"मावशी, खरं सांगा. पोरीला बिब्बा घातलाय काय?"

झालं! तानाबाईनं हातातली काजूची बी सुपात आपटली.

"बिब्बा? माझ्या नातीला मी बिब्बा घालीन? तुमी येऊन गेलासा की दुसऱ्याच दिवशी पोरीच्या गालांवर फोड उठत्यात. दर खेपंला! पोटाला पोर न्हाई, अशा बाईची नजर..."

पुढचं तिनं गिळलं, पण बोलू नये ते बोलून झालं होतं. चुलीपुढं बसलेल्या सुनेनं, वैजयंतानं, जळतं लाकूड उगाच आत सारलं. आक्काताईच्या काळजात कळ गेली. लग्नाला बारा वर्षं झाली होती, हे ऐकायची सवय व्हायला हवी होती. होत नाही, काय करणार! आणि त्याहून वाईट म्हणजे तानाबाईचं म्हणणं खोडायला जागा नव्हती. चट्टे तिच्या येण्यानंतरच उठत होते. गल्लीत कुजबुज पसरली होती, शेजारच्या घरानं तर येताना तिच्या तोंडावर दार ओढून घेतलं होतं. तानाबाई म्हणजे गल्लीचं मोठं माणूस. हिचं दार मिटलं की सगळ्यांची मिटणार, आणि मग इथल्या लेकरांचं वजन कोण करणार, पोलिओच्या डोसाला त्यांना कोण आणणार?

"आत्ती, वजन तरी करू द्या की," वैजयंता हळूच म्हणाली. "पोरगी उतरलीया."

"करा. पर ही शेवटची खेप. फुडच्या म्हैन्याला ह्या घराची पायरी चढू नगा."

आक्काताईनं तुळईच्या खिळ्याला काटा अडकवला, झोळीत मोनाला ठेवलं. वजन वाढलं नव्हतं. गाल दुखत असताना लेकरू दूध ओढणार तरी कसं? तानाबाई पाठ फिरवून पुन्हा कामाला बसली. आजऱ्याच्या कारखान्यातून ती काजूचं पोतं घरी आणायची आणि दिवसभर फोडायची. टरफलातल्या तेलानं मनगटापर्यंत हात काळे झाले होते. ते तेल कातडी जाळतं हे तिला कुणी सांगायला नको होतं. मोनाला न्हाऊ घालायचं असो की भरवायचं, आधी हातांना खोबरेल चोळायचं, मग राखेनं घासायचं, हा तिचा नेम आक्काताईनं डोळ्यांनी पाहिला होता.

आक्काताई काटा पिशवीत टाकून बाहेर पडली. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर तिच्या ध्यानात आलं, झोळी राहिली. जीव नको म्हणत होता, तरी ती माघारी फिरली.

दारातूनच तिला दिसलं. तानाबाई सूप तसंच टाकून घाईनं मोनापाशी आली होती. परक्या माणसाची नजर अंगात मुरायच्या आत उतरवायची असते, त्यात थांबून चालत नाही. तिनं दोन्ही तळवे मोनाच्या गालांवरून, कानशिलांवरून जीव ओतून फिरवले आणि आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. कडाकडा. तेच काळे, तेलानं माखलेले हात.

माझी नजर नव्हती! आक्काताईला ओरडून सांगावंसं वाटलं. गल्ली गोळा करावी आणि सगळ्यांदेखत म्हणावं, बघा, आजीनंच भाजली नात. तेवढ्यात तानाबाईनं मान वर केली. डोळे भरले होते तिचे. पोर वाचावं म्हणून धडपडणाऱ्या म्हातारीचा तो चेहरा पाहिला आणि ओठांवर आलेलं आक्काताईनं मागं सारलं.

"मावशी, नजर माझीच वाईट हाय," ती म्हणाली. "काढा दृष्ट, काढाच. पर आदी हाताला खोबरेल चोळून राखेनं घासून या. त्याबिगार माझी नजर उतरायची न्हाई."

तानाबाई तिच्याकडं बघत राहिली. मग तिची नजर आपल्याच तळव्यांवर गेली आणि तिथंच अडकली. आक्काताईनं खिळ्याची झोळी काढली आणि वळून न बघता निघाली.

पुढच्या महिन्यात ती पुन्हा गल्लीत शिरली. बायका दारांत उभ्या होत्या, कुणी 'या' म्हणत नव्हतं. तानाबाईचं दार मात्र सताड उघडं होतं. मोना वाकळेवर पालथी पडून हसत होती आणि तिच्या गालांवर नवी कोवळी कातडी आली होती. वजनही वाढलं होतं. वैजयंतानं चहा पुढं केला. तानाबाई कोपऱ्यात बसून होती, दोन्ही हात पदरात गुंडाळलेले. चहा संपेपर्यंत तिनं मान वर केली नाही.

आक्काताईनं आठवणीनं झोळी घडी केली आणि उठली.

"थांब गं," तानाबाई म्हणाली. आजवर तिनं आक्काताईला कधी एकेरी हाक मारली नव्हती. ती दाराशी आली आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "जायच्या आदी माझ्या नातीची दृष्ट तेवढी तुझ्या हातानं काढून जा."