दोघींपैकी एक

मोठी जाऊ दुपारी लॉन्ड्रीत परतली तेव्हा धाकटीचे कपडे जमिनीवर पडलेले होते.

निळा ड्रेस, त्यावर एप्रन. चपला जिथे ती रोज उभी राहायची तिथेच, इस्त्रीच्या टेबलाकडे तोंड करून. टेबलाच्या कडेला चष्मा. इस्त्री चालू होती. चर्चच्या गायनमंडळाचा पांढरा झगा टेबलावर पसरलेला होता. त्याची एक बाही झाली होती, एक राहिली होती.

या दुकानात धुतलेला असो वा मळका, कपडा जमिनीला लागत नाही. हा नियम सासूबाईंनी घातला होता आणि दोन्ही सुनांनी तो इतकी वर्षं पाळला होता.

मोठीने आधी इस्त्रीचं बटण बंद केलं. मग हाक मारली. दोनदा. मागे मोठा ड्रायर धडधडत होता. उत्तर आलं नाही.

तिला रविवार आठवला. पाळकांनी व्यासपीठावरून बजावलं होतं, तो दिवस सांगून येणार नाही. प्रभू आपल्या माणसांना क्षणात वर घेईल. अंगावरचे कपडेसुद्धा इथेच राहतील. दोघी एका जागी काम करत असतील, एक उचलली जाईल, एक मागे राहील. तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं होतं, "दोघी म्हणजे आपल्या लॉन्ड्रीवाल्याच की!" सगळे हसले. सगळ्यात जास्त धाकटी हसली. मोठी हसली नव्हती. कोण जाणार आणि कोण राहणार, याबद्दल तिला कधी शंकाच आली नव्हती.

आता तिला भीती वाटायला हवी होती. छातीत जे पेटलं ते वेगळंच होतं, आणि चांगलं ओळखीचं होतं. सासूबाईंनी आपलं शिलाई मशीन धाकटीला दिलं, त्या दिवशीही हेच पेटलं होतं.

तिने सासूबाईंना फोन लावला.

"आई, तुम्ही आहात?"

"मी नाही तर कोण? हे गुडघे घेऊन कुठे जाणार आहे? बरं, धाकटीला विचार, माझ्या गोळ्या आणल्यास का म्हणून."

मोठीने फोन ठेवला. नवऱ्याला विचारायची गरज नव्हती. तो मागे राहिला असणार याची तिला खात्री होती. तिने पाळकांचा नंबर फिरवला. दुसऱ्याच रिंगला त्यांनी उचलला. तोंडात घास होता.

"पाळकसाहेब, तुम्ही... घरीच?"

"जेवतोय. का हो?"

"काही नाही. झगे संध्याकाळपर्यंत मिळतील."

पाळक इथेच. सासूबाई इथेच. म्हणजे नेलं ते फक्त हिला.

मोठी स्टुलावर बसली. पहाटेच्या प्रार्थना तिने कधी चुकवल्या नव्हत्या. उपास तिने केले होते. प्रवचनात डुलक्या काढायची ती धाकटी. इस्त्री फिरवताना सिनेमाची गाणी म्हणायची ती धाकटी. प्रभूने हिच्यात पाहिलं तरी काय? मोठी आठवत राहिली, आणि आठवलं ते एवढंसंच होतं. रोज लॉजच्या चादरी यायच्या. चादरीची घडी घालायची तर दोघींनी दोन टोकांना उभं राहायचं, आणि एकीने चालत दुसरीकडे जायचं. दिवसाला साठ-सत्तर चादरी. गेली अकरा वर्षं चालत यायची ती धाकटी. मोठी जागची हलली नव्हती.

ड्रायर थांबला. मागच्या न्हाणीत नळाचा आवाज येत होता. तो बंद झाला आणि दार ढकलून धाकटी आत आली. केस ओले, पाय अनवाणी, अंगात गायनमंडळाचाच दुसरा पांढरा झगा. त्याच्या बाहीला नंबराची पिवळी चिठ्ठी तशीच लटकत होती.

"गांधीलमाशी, ताई! सरळ ड्रेसच्या आत! कपडे टाकले आणि पळाले नळाखाली. हा बघा खांदा, केवढा सुजलाय. झगा धुवून देते परत, ओरडू नका." मग तिने डोळे बारीक करून पाहिलं. चष्म्याशिवाय तिला नीट दिसत नव्हतं. "अहो, रडताय काय? चावली मला."

"मला वाटलं..."

"काय वाटलं?"

मोठीने जमिनीवरच्या कपड्यांकडे पाहिलं. धाकटीनेही पाहिलं. मग तिने मोठीच्या हातातला फोन पाहिला.

"अय्या! रविवारचं?" तिला हसू आवरेना. टेबलाचा आधार घेऊन ती हसत राहिली. "मला? ताई, मला नेऊन करणार काय तिथे?"

"तेच म्हणतेय मी," मोठी म्हणाली. "चल, चादरी राहिल्यात."

धाकटीने ड्रेस झटकून पाहिला, दारामागे जाऊन घातला, चष्मा लावला. दोघींनी ड्रायरमधून पहिली चादर काढली आणि दोन टोकांना उभ्या राहिल्या. धाकटी सवयीने चालू लागली.

"थांब," मोठी म्हणाली. "तिथेच थांब. मी येते."

ती निघाली, भराभर, जवळजवळ धावतच. चादर मध्ये झोळीसारखी लोंबली आणि जमिनीला लागली.

"अहो, हळू! मी कुठे पळून चाललेय?"

मोठीने आपली टोकं तिच्या हातात कोंबली, वाकून खालची घडी उचलली, मागे सरली आणि पुन्हा तिच्याकडे निघाली.