बाबांच्या चिकटपट्ट्या

खोकी भरत आली तशी धाकटीच्या फोनची बॅटरीही संपत आली. तिने पर्समधून चार्जर काढला आणि सॉकेटकडे हात नेला, तेवढ्यात खुर्चीत बसलेले बाबा म्हणाले, "तो नको. इकडे दे बघू."

बाबांनी चार्जर तळहातावर घेऊन वरखाली केला, चष्मा लावून त्याची पाठ पाहिली. वाचण्यासारखं तिथे काही नव्हतंच. होता तो नुसता जांभळ्या नेलपॉलिशचा ठिपका, धाकटीनेच दिलेला. तिच्या ऑफिसात चार्जरना पाय फुटतात, म्हणून ही खूण. तरी जोडीतला एक गेलाच होता. शेजारच्या टेबलावरच्या बाईवर तिचा दाट संशय होता आणि हल्ली ती त्या बाईशी कामापुरतंच बोलायची.

"किती हलका आहे बघ," बाबा म्हणाले. "आत काही असेल तर वजन लागेल ना? कंपनीचं नाव नाही, व्होल्ट-अँपिअर काही छापलेलं नाही. कुठे घेतलास?"

"ऑफिसखालच्या टपरीवर. सगळेच घेतात."

"हा राहू दे माझ्याकडे," म्हणत त्यांनी तो सरळ सदऱ्याच्या खिशात टाकला.

धाकटीने वाद घातला नाही. तीन आठवड्यांपूर्वीच्या त्या रविवारपासून बाबांशी वाद घालायचा तिचा जीवच होत नव्हता. त्या दिवशी ती इथेच जेवली, दुपारी निघाली, आणि ती घरी पोचते न पोचते तोच शेजाऱ्यांचा फोन आला. आतल्या खोलीतलं टेबल, पडदा आणि अर्धी गादी जळाली होती. पडदा ओढताना बाबांचा उजवा हात मनगटापर्यंत भाजला होता. मी तासभर आणखी थांबले असते तर हे झालंच नसतं, ही रुखरुख तिला अजून होती.

सगळ्यांना बाबांनी एकच सांगितलं होतं, की चूक माझी, टॅबला फोनचा चार्जर लावला.

चौतीस वर्षं वायरमन म्हणून काढलेला माणूस. गल्लीतल्या निम्म्या घरांची वायरिंग त्यांच्या हातची. लोक तोंडावर हळहळले आणि पाठ वळल्यावर हसले. ज्या बाबांनी साध्या फ्यूजवरून कुणाचं ऐकून घेतलं नव्हतं, ते या वेळी मूग गिळून बसले. त्यांनी आता आपल्याकडे येऊन राहावं, असं दादाने फोनवर ठरवलं, तेव्हाही ते नुसते "बरं" म्हणाले. सकाळचे फिरायचे सोबती, खिडकीतली हत्यारांची पेटी, आईच्या हातची कुंडीतली रोपं, सगळं या एका "बरं"मध्ये सुटणार होतं.

दादा मात्र धाकटीला म्हणाला होता, "तू जवळ राहतेस, तुला जास्त कळतं. तू नको म्हण, मी गाडी परत नेतो." गाडी चारला येणार होती. साडेतीन वाजले तरी धाकटीचं ठरत नव्हतं.

"मग माझा फोन कशावर लावू?" तिने विचारलं.

बाबांनी खण उघडला. आत प्रत्येक वस्तूवर पांढरी चिकटपट्टी आणि त्यावर त्यांचं टपोरं अक्षर. 'फोन, लहान.' 'केबल सैल, वापरू नये.' त्यांनी 'टॅब, मोठा' उचलून तिच्या हातात दिला.

"हा टॅबचा आहे बाबा. फोन जळेल."

"नाही गं जळत. चार्जर मोठा आहे म्हणून फोनच्या घशात कोंबत नाही. फोन लागेल तेवढंच घेतो. चार्जर चांगला असला, केबल धड असली की झालं."

"आणि उलट केलं तर? लहान चार्जर टॅबला?"

"टॅब सावकाश चार्ज होतो. बसावं लागतं वाट बघत, एवढंच."

"एवढंच?"

बाबा हातातली केबल गुंडाळायला लागले आणि मग पाणी प्यायला उठून गेले.

धाकटी बघतच राहिली. स्वतःच्या तोंडाने सगळ्यांना सांगितलेली गोष्ट बाबा तीन आठवड्यांत विसरले होते. आज हे विसरले, उद्या गॅस विसरतील. तिला रडू आलं, पण ठरवायला मदत झाली. तिने पाच मिनिटं फोन चार्ज केला, काढला, चार्जर तसाच सॉकेटला लटकत ठेवून गॅलरीत गेली आणि दादाला फोन करून सांगितलं, "तुझं बरोबर आहे. घेऊन जा त्यांना."

ती आत आली तेव्हा बाबा सॉकेटपाशी उभे होते. त्यांनी आधी बटण बंद केलं, मग चार्जर काढला.

"फोन काढलास की हे बटणही बंद करत जा," ते म्हणाले. "घरी पोरं असतात तुझ्या."

"हो बाबा," ती म्हणाली. भीती बसली आहे बिचाऱ्यांना, असं तिला वाटलं.

बाबा शेजारी किल्ली द्यायला गेले. धाकटीने शेवटचा खण खोक्यात रिकामा करायला घेतला. 'टेस्टर.' 'जुने स्क्रू.' 'हिचा चष्मा, जपून.' सगळ्यात खाली पत्र्याचा एक डबा निघाला. घरभर पट्ट्या लावणाऱ्या माणसाने याच्यावर मात्र काही लिहिलं नव्हतं, म्हणून तिने झाकण काढलं.

आत वर्तमानपत्रात गुंडाळलेला जळका चार्जर होता. प्लास्टिक वितळून आत बसलं होतं. खाली दादाच्या गाडीचा हॉर्न वाजला. टाकून द्यायचा म्हणून धाकटीने तो उचलला, हाताला अगदीच हलका लागला म्हणून उलटा करून पाहिला, तर न जळलेल्या एका कोपऱ्यावर जांभळ्या नेलपॉलिशचा ठिपका होता.